उलटलेली माणसं आणि मिंधेपणा : वाचकांचे प्रश्न

या वेळचे बरेच प्रश्न एकाच घरातले निघाले: लोभ, गर्व आणि कृतघ्नपणा. त्यातले पाच घेतलेत. सगळ्यांना सारखी जागा देता आलेली नाही, रागावू नका.

प्रश्न : वर्षभर एक कादंबरी लिहितोय. धाकटा भाऊ मोठ्या भावाच्या जिवावर शिकतो, वर येतो आणि मग त्यालाच ओळख दाखवत नाही. ज्यांना वाचायला दिली ते सगळे म्हणतात की हा माणूस खरा वाटत नाही, नुसता नालायक वाटतो. नेमकं कुठं चुकतंय?

तुम्ही पाठवलेलं प्रकरण दोनदा वाचलं. त्यात एक वाक्य आहे, 'मोठा माणूस झाल्यावर तो सगळं विसरला.' गडबड तिथंच आहे बघा. जो विसरला तो विसराळू असतो हो, त्याला कोणी आठवण करून दिली की तो जीभ चावतो आणि लगेच फोन करतो. कृतघ्न माणसाला मात्र सगळं लख्ख आठवत असतं, फी कोणी भरली, कधी भरली, भरताना त्याचा चेहरा कसा होता, आणि नेमकं तेच त्याला आठवायला नको असतं. आपल्याकडे यासाठी फार नेमका शब्द आहे, मिंधा. बाहेर कितीही रुबाब असला तरी त्या एका माणसापुढे याचे खांदे आपोआप पडतात, आणि मग हळूहळू वाटायला लागतं की हा माणूसच समोर नको.

हितोपदेशातली उंदराची गोष्ट आठवतेय ना? कावळ्याच्या चोचीतून पडलेलं उंदराचं पिल्लू एक मुनी सांभाळतो, मांजर मागे लागलं म्हणून त्याला मांजर करतो, मग कुत्र्याची भीती म्हणून कुत्रा, मग वाघाची भीती म्हणून वाघ. शाळेत आपल्याला सांगतात की वाघ माजला, मुनीवर उलटला, मुनी म्हणाला पुन्हा उंदीर हो, संपलं. पण मूळ गोष्टीत तो का उलटला ते दिलंय आणि तेच सगळ्यात भारी आहे. येणारेजाणारे म्हणत असतात की हा वाघ खरं म्हणजे उंदीर होता, मुनीनं त्याला वाघ केलं. ते ऐकून वाघाला वाटतं की हा मुनी जिवंत आहे तोवर ही गोष्ट काही माझी पाठ सोडणार नाही. म्हणजे त्याला मुनीचा राग नाहीये, त्याला साक्षीदार संपवायचाय. एवढ्याशा गोष्टीत पूर्ण मोटिव्ह आहे!

आता डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' बघा, 1860-61 मध्ये हप्त्याहप्त्यानं छापून आलेली. पिप नावाच्या पोराला बहिणीच्या नवऱ्यानं, जो नावाच्या लोहारानं, माया लावून वाढवलंय. पुढे पिपच्या हातात अचानक पैसा येतो, तो लंडनला जाऊन जंटलमन होतो, आणि एक दिवस जो त्याला भेटायला येतो. तो सीन संधी मिळाली की वाचा. जो आपली हॅट शेकोटीवरच्या फळीच्या कडेला ठेवतो, ती पडते, तो धावत जाऊन झेलतो, परत ठेवतो, परत पडते, गप्पा चालू असताना हेच चालू. मध्येच तो पिपला पिप म्हणतो, मध्येच सर म्हणतो. आणि पिप चिडचिडा होत जातो, त्याला त्या हॅटची लाज वाटते. जो येण्याआधीच त्यानं कबूल केलेलं असतं की पैसे देऊन ही भेट टाळता आली असती तर मी नक्की दिले असते. जो निघताना समजूतदारपणे सांगतो की या कपड्यात मी शोभत नाही, मी माझ्या भट्टीपाशीच बरा. तेव्हा कुठं पिपचे डोळे उघडतात, आणि तोवर जो निघून गेलेला असतो.

डिकन्सनं आणखी एक चलाखी केलीय, ही सगळी गोष्ट पिपच्याच तोंडून सांगितलीय. त्यामुळे आपल्याला 'काय हलकट माणूस' म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण तो स्वतःच ते आपल्या आधी म्हणून मोकळा झालेला असतो.

म्हणून तुमच्या धाकट्याला काहीतरी आठवू दे. मोठा भाऊ दारात उभा आहे, घरात पाहुणे आहेत, आणि धाकट्याचं लक्ष भावाच्या चपलेच्या तुटक्या अंगठ्याकडे जातं, एवढं दाखवलंत तरी पुढची तीन पानं खोडता येतील. आणि मोठ्या भावाला इतका साधासरळ ठेवू नका. केलेल्या उपकाराची अधूनमधून आठवण करून देणारी माणसंही असतात, अगदी प्रेमानं करून देतात, आणि तेही टोचतंच की.

प्रश्न : लोभी माणूस रंगवायचा म्हणजे सारखा पैसे मोजताना दाखवायचा का? माझा नेहमी कार्टून होतो.

माझाही व्हायचा. माझी पहिली कथा परत आली तेव्हा संपादकांनी समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं, 'याला हवंय काय?' मी महिनाभर धुसफुसत होतो की अहो पैसा हवाय, दिसत नाही का. मग कळलं की नुसता पैसा कोणालाच नको असतो, त्या त्या वेळी समोर दिसणारी एखादी अगदी रास्त वस्तू हवी असते, आणि लोभ हा त्या रास्तपणाच्या आडूनच येतो.

टॉलस्टॉयची 1886 ची एक कथा आहे, माणसाला किती जमीन लागते या प्रश्नावरची. पाहोम नावाचा शेतकरी, त्याला जमीन हवीय. बाश्कीर नावाच्या जमातीचे लोक त्याला सांगतात की दिवसाचे हजार रूबल, सूर्योदयाला निघायचं, पायी जेवढ्या जमिनीला वळसा घालशील तेवढी तुझी, पण सूर्य मावळायच्या आत निघाल्या जागी परत यायचं. इथं कमी कसबाच्या लेखकानं त्याचे डोळे लालभडक केले असते. टॉलस्टॉय काय करतो, तर पाहोम आता वळायच्या बेतात असताना त्याला एक ओलसर खोलगट तुकडा दाखवतो. पाहोमच्या मनात येतं, इथं जवस छान येईल, हा सोडणं बरं नाही. बास. इतकंच! शेतीची अक्कल असलेला कुठलाही माणूस हेच म्हणेल, आणि तेवढ्या एका वळशात त्याचा जीव जातो, कारण सूर्य थांबत नाही, शेवटी तो ऊर फुटेस्तोवर पळत पोचतो आणि तिथंच कोसळतो. मग त्याच्यासाठी खड्डा खणतात, साधारण सहा फुटांचा. शेवट सगळ्यांना पाठ असतो, तो ओलसर तुकडा मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि माझ्या मते कथा तिथं आहे.

उलट टोकाचा लोभी हवा असेल तर बाल्झाकचा म्हातारा ग्राँदे, 1833 ची कादंबरी. मरायला टेकलाय, धर्मगुरू सोन्याचा मुलामा दिलेला क्रूस ओठांपाशी आणतो, आणि हा तो हिसकावायला जातो, त्या धडपडीतच प्राण जातो. आता हा झाला कार्टून म्हणावा असाच प्रसंग, पण चालतो, कारण त्याआधी अख्खी कादंबरी त्यानं घरातल्यांना मोजून मापून जगायला लावलेलं आपण बघितलेलं असतं. पहिल्याच पानावर असं केलंत तर वाचक हसेल.

प्रश्न : तिघांत मूळ कोण? मला वाटतं गर्व, मैत्रीण म्हणते लोभ. पैज लागलीय.

पैज बुडणार दोघींची. 'किंग लिअर' काढा, 1606 च्या आसपासचं नाटक. सगळे म्हणतात की कृतघ्न मुलींची गोष्ट. पण सुरुवात कशानं होते? म्हातारा राजा लिअर तीन मुलींना राज्य वाटायला बसलाय आणि म्हणतो आधी सांगा कोणाचं माझ्यावर जास्त प्रेम आहे, तेही भर दरबारात. हा गर्व. त्यानं प्रेमाचा बाजार मांडला की दोघी मोठ्या बोली लावतात, हा लोभ. धाकटी बोली लावत नाही, तर तिलाच तो कृतघ्न ठरवून घालवून देतो!

मग पुढे त्या आकड्यांचा सीन. लिअरनं स्वतःकडे 100 सरदार ठेवलेत. मोठी म्हणते 50 बास, मधली म्हणते 25 च आण. तर हा बाप काय म्हणतो, 50 म्हणजे 25 च्या दुप्पट, म्हणजे मोठीचं प्रेम दुप्पट, चला तिच्याकडेच जातो. अरे माणसा, अजून तू मोजतोच आहेस! मग त्या दोघी 10, 5 करत शेवटी एक तरी कशाला हवा इथपर्यंत येतात. मुली वाईटच आहेत, पण हिशोब त्यांना घरातच शिकायला मिळालाय. आणि मोठीची तक्रार, की याचे लोक घरात धुडगूस घालतात, ती अगदीच खोटी आहे असंही नाटक आपल्याला खात्रीनं म्हणू देत नाही.

'नटसम्राट'मध्येही बेलवलकर आधी सगळं वाटून टाकतात, तिथंही निवृत्त बापाच्या देण्यात थोडा स्वतःचाच कौतुकसोहळा आहे की काय, हे बघायला हरकत नाही. यावरून शिव्या खाल्ल्यात मी, तरी मत तेच आहे.

तर पैजेचे पैसे दोघींनी मिळून खर्च करा.

प्रश्न : माझी नायिका गर्विष्ठ आहे आणि मला ती आवडते. वाचकांना आवडेल का?

आवडेल, तिचा एकदा तरी नीट पोपट होऊ द्या. जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या 1813 च्या कादंबरीतला डार्सी लग्नाची मागणी घालतानाही मुलीचं घराणं किती कमी दर्जाचं आहे ते ऐकवतो, आणि वर होकार मिळणारच अशी खात्री! ती सुनावते की तुम्ही सभ्य माणसासारखे वागला असतात तर नकार देताना मला थोडं वाईट तरी वाटलं असतं. पुढे बऱ्याच काळानं तो कबूल करतो की ते शब्द मला छळत राहिले. गर्व असलेला माणूस आपल्याला तिथं आवडायला लागतो.

नाहीतर मग महाभारतातली जोडी. द्रोण लहानपणच्या मैत्रीच्या आठवणीनं द्रुपदाकडे जातात, राजा झालेला द्रुपद म्हणतो मैत्री बरोबरीच्यांत होते. द्रोण ते गिळत नाहीत, शिष्यांकडून द्रुपदाला बांधून आणवतात, अर्धं राज्य ठेवून घेतात, अर्धं परत देतात आणि म्हणतात, आता झालो ना बरोबरीचे. दोघांत गर्विष्ठ कोण ते तुम्हीच ठरवा, मला अजून जमलेलं नाही.

प्रश्न : शेवटी अशा कॅरेक्टरला शिक्षा झालीच पाहिजे का? आमच्या लेखनगटात यावरून भांडण झालंय.

सक्ती कोणाची आहे? मोलिएरच्या 1668 च्या नाटकातला कंजूष आर्पागाँ बघा. त्याची पैशांची पेटी चोरीला जाते, तो वेडापिसा होतो, इतका की चोर पकडला म्हणून स्वतःचाच हात धरतो. शेवटी मुलांची लग्नं ठरतात, पेटी परत मिळते, आणि हा सुधारतो का? छे. लग्नाचा खर्च दुसऱ्यांनी करायचा हे कबूल करून घेतो, वर लग्नात घालायला मलाही नवीन कपडे शिवून द्या म्हणतो, आणि पडदा पडायच्या आधी त्याला घाई झालेली असते ती पेटीला भेटायला जायची.