डेन्व्हरला येण्यापूर्वी: शिकारीचा हंगाम आणि आपली भटकंती

आपले पत्र मिळाले. येत्या ऑगस्टमध्ये पुणे सोडून डेन्व्हरला यायचे ठरले आहे, पंधरा वर्षे आपण सह्याद्री पायाखाली घातला आहे, नऊ वर्षांच्या मुलीलाही डोंगराची ओढ लागली आहे, आणि आता समजले की कोलोरॅडोत लोक ज्या जंगलांत फिरायला जातात तिथेच शिकारीही बंदुका घेऊन असतात. तेव्हा मुलीला घेऊन तिथे जावे का, आणि सरकार हे चालू तरी कसे देते, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की अवश्य जावे, मात्र शिकारीचे पंचांग पाहून जावे. दुसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ द्यावा लागेल.

शिकार म्हटले की आपल्याला चोरटी शिकारच आठवते आणि ते स्वाभाविक आहे, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या पिढ्यांनी परवान्याची शिकार क्वचितच पाहिली आहे. इथली व्यवस्था निराळ्या पायावर उभी आहे. नॅशनल फॉरेस्ट आणि ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जमिनी केंद्र सरकारच्या असतात, पण त्यांवरची हरणे आणि एल्क (सांबरासारखे मोठे हरीण) राज्याच्या अखत्यारीत येतात. कोणत्या भागात, कोणत्या आठवड्यांत, किती परवाने द्यायचे हे कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ हा राज्याचा विभाग ठरवतो, आणि अनेक परवाने सोडत काढूनच दिले जातात. मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस वाया घालवणे हा गुन्हा आहे. माझ्या घरी वारीची परंपरा आहे, मी शिकार करत नाही आणि पुढेही करणार नाही. तरीही ही माणसे जंगलाची शत्रू आहेत असे मला आता म्हणवत नाही.

याचे एक कारण पैशाचे आहे. या विभागाचे वन्यजीवांसंबंधीचे काम मोठ्या प्रमाणात परवान्यांच्या शुल्कावर आणि रायफली व काडतुसांवरच्या, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या ११ टक्के करावर चालते. आपण भटके लोक बूट, सॅक, तंबू घेतो, त्यांवर असा कर नाही. राज्यात ३०० हून अधिक स्टेट वाइल्डलाइफ एरिया, म्हणजे राज्याने वन्यजीवांसाठी राखलेल्या जागा, आहेत, त्या मुख्यतः शिकारी आणि मासेमारांच्या पैशातून उभ्या राहिल्या; इतर लोक तिथे वर्षानुवर्षे फुकट फिरत होते, म्हणून जुलै २०२० पासून तिथे जाणाऱ्या प्रौढांना शिकारीचा किंवा मासेमारीचा परवाना सक्तीचा झाला आणि पुढे फिरणाऱ्यांसाठी वेगळा पास निघाला. अशा जागी जाणार असाल तर तो आधी काढून ठेवावा.

दुसरे कारण माझ्या पहिल्या सप्टेंबरमधले आहे. अ‍ॅस्पेनच्या झाडांची पाने सोनेरी होतात तेव्हा अर्धे डेन्व्हर केनोशा खिंडीकडे धावते, आणि आम्ही पाच मराठी कुटुंबेही तिकडे गेलो होतो. आम्ही मोठ्याने गाणी म्हणत चाललो असताना वीसेक पावलांवरच्या झुडपातून, पानांच्या रंगाचे कपडे घातलेला एक वयस्कर माणूस धनुष्य घेऊन उठून उभा राहिला. मुले घाबरली. तो पहाटेपासून तिथे निश्चल बसून होता आणि एल्कचा नर साद घालत जवळ येत असतानाच आमचा गलका सुरू झाला, हे त्याने जराही आवाज न चढवता सांगितले, मुलांना ती साद तोंडाने काढून दाखवली आणि तो निघून गेला. त्याने वर्षभर वाट पाहिलेली सकाळ आम्ही नकळत घालवली होती, याची रुखरुख मला अजून आहे.

म्हणून पंचांग महत्त्वाचे. सप्टेंबरभर धनुष्यबाणाची शिकार चालते आणि त्या शिकाऱ्यांवर नारिंगी कपड्यांची सक्ती नसते, त्यामुळे ते दिसत नाहीत; त्याच महिन्यात काही दिवस ठासणीच्या बंदुकांचाही हंगाम असतो. एल्कच्या रायफल शिकारीचे चार मुख्य टप्पे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत येतात. रायफलवाल्या शिकाऱ्याला कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि त्याच रंगाची टोपी घालावीच लागते. आपल्यावर तशी सक्ती नाही, पण तिघांसाठी नारिंगी जाकिटे घ्यावीत, तपकिरी आणि पांढरे कपडे त्या आठवड्यांत टाळावेत, आणि कुत्रा असल्यास त्यालाही नारिंगी अंगरखा घालून पट्ट्याने बांधून न्यावे. शिकारीची वेळ सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते आणि जनावरे पहाटे व सांजवेळी बाहेर पडतात, म्हणून मुलीला घेऊन भर दिवसाच जावे. नॅशनल फॉरेस्टमध्ये घर, तंबूची जागा किंवा माणसांची वर्दळ असलेल्या ठिकाणापासून १५० यार्डांच्या आत आणि रस्त्यावरून आडवी गोळी झाडता येत नाही. मात्र या नियमात पायवाटेचा नावाने उल्लेख नाही, आणि मला ही त्रुटी गंभीर वाटते.

मन धास्तावलेलेच राहिले तर ऑक्टोबरमध्ये रॉकी माउंटन नॅशनल पार्कला जावे, तिथे शिकारीला बंदी आहे. राज्य उद्यानांपैकी काहींमध्ये ठराविक महिन्यांत शिकार चालते, म्हणून प्रत्येकाचे नियम वाचावेत. जूनमध्ये गोळ्यांचे आवाज आले तर ती बहुधा नेमबाजी असते, शिकार नव्हे.

आणखी दोन गोष्टी कायद्याच्या आहेत. शिकार आवडत नाही म्हणून मुद्दाम आवाज करून जनावर पळवणे हा इथे गुन्हा आहे. तसेच नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असताना बंदूक बाळगण्यास केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण कचेरीतला मित्र रविवारी नेमबाजीला चल म्हणाला तरी वकिलाला विचारल्याशिवाय बंदुकीला हात लावू नये.

पायवाटेवर शिकारी भेटला तर थांबून नमस्कार करावा, आपण कोणत्या बाजूला जाणार ते सांगावे आणि तो कुठे बसणार आहे ते विचारावे. एवढ्यावर दोघांचाही दिवस नीट जातो. आपण आल्यावर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केनोशा खिंडीत बरोबर जाऊ. सकाळी दहानंतर निघू, आणि मुलीच्या मापाचे नारिंगी जाकीट आमच्याकडे आहे, ते तेवढे आणू नका.