केमोनंतर तळपायावर गाठी

प्रश्न : लिम्फोमासाठी (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) केमो, रेडिएशन घेऊन बरीच वर्षं झाली. आता तळपायावर मसुराएवढ्या लालसर गाठी उठल्यात. एक ब्लेडने खरवडली, भळाभळा रक्त आलं. कॅन्सर उलटला का? रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

उत्तर : ताई, तुमची धास्ती कळते मला. घामाच्या नलिकेतून उगवणारी 'पोरोमा' ही साधी गाठ अशीच दिसते, बऱ्याचदा तळपायावर. एरवी ती एकटी असते. केमो-रेडिएशननंतर मात्र काहींना अनेक उठल्याच्या नोंदी आहेत, कधी कित्येक वर्षांनी. पण पत्रावरून मी शब्द देणार नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडून बायोप्सी करून घ्या, कॅन्सरच्या डॉक्टरांनाही दाखवा. क्वचित पोरोमाचाही कॅन्सर होतो. गाठ भराभर वाढली, चिघळली तर एक दिवस दवडू नका. आणि ते ब्लेड, कृपा करून, आजच टाकून द्या.