दुमागेतेला शिकायला जाण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मत्स्यशास्त्राची पदवी रत्नागिरीला झाली आहे, फिलिपिन्समधल्या दुमागेते शहरात सिलिमन विद्यापीठात सागरी विज्ञानाची पदव्युत्तर पदवी करायची आहे, मांसमच्छी खात नाही, आणि आधी पर्यटक म्हणून जाऊन तिथेच व्हिसा बदलून घेतला तर चालेल का. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

नाही, तसं अजिबात करू नका. जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर फिलिपिन्समध्ये १४ दिवस व्हिसाशिवाय फिरता येतं. पण ही सवलत वाढवून मिळत नाही आणि दुसऱ्या व्हिसात बदलूनही मिळत नाही. तिकीट काढणं सोपं झालं म्हणून लोक निघतात आणि पंधराव्या दिवसाआधी परतीच्या विमानात बसावं लागतं. तुम्हाला हवा तो विद्यार्थ्यांचा व्हिसा, ‘नाईन-एफ’. तो विद्यापीठाच्या हातून सुरू होतो. प्रवेश पक्का झाला की विद्यापीठ स्वीकृतीपत्र देतं, कागद मनिलाच्या सरकारी खात्यांतून फिरतात आणि मग दिल्लीचा दूतावास तुम्हाला बोलावतो. यात महिने जातात. वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं, तेव्हा आदल्या डिसेंबरातच अर्जाला लागा. हा व्हिसा सहसा एक वर्षाचा असतो आणि दर वर्षी वाढवावा लागतो. त्यावर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही, म्हणून खर्चाच्या हिशेबात तिथल्या कमाईचा एक पेसोही धरू नका.

गुणपत्रकं, पदवी आणि पोलिसांचं प्रमाणपत्र यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून एका आंतरराष्ट्रीय करारानुसार मारलेला सरकारी शिक्का, लागतो. दोन्ही देश त्या करारात आहेत, त्यामुळे दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. खरी अडचण नावाची. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि खाली आईचं नाव छापलेलं असतं. फिलिपिनो फॉर्मवरचं ‘मिडल नेम’ म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. आपण तिथे सवयीने वडिलांचं नाव लिहितो आणि मग ओळखपत्र, बँक, सिमकार्ड, सगळीकडे वेगवेगळी नावं पडतात. पासपोर्टवर जे ‘गिव्हन नेम’ म्हणून आहे ते जसंच्या तसं लिहा, मिडल नेम रिकामं ठेवा, आणि गुणपत्रकातलं नाव व पासपोर्टमधलं नाव एकाच व्यक्तीचं असल्याचं प्रतिज्ञापत्र इथूनच करून न्या.

विमानाआधीच्या ७२ तासांत ‘ई-ट्रॅव्हल’ची, म्हणजे फिलिपिन्स सरकारच्या प्रवासाच्या ऑनलाइन फॉर्मची, नोंद करायची. पोचल्यावर परदेशी नागरिकांचं ‘एसीआर आय-कार्ड’ काढायचं. सिमची कायमची नोंद, बँकेचं खातं, जीकॅश (फोनवरून पैसे देण्याचं ॲप), सगळ्याला तेच विचारतात. पर्यटकाच्या नावावर घेतलेलं सिम ३० दिवसांनी बंद पडतं. कार्ड हातात आलं की दर वर्षी पहिल्या ६० दिवसांत इमिग्रेशनला वार्षिक हजेरी लावायची. त्यांचं कार्यालय दुमागेतेतच आहे, शेजारच्या बेटावरच्या सेबू शहराला जावं लागत नाही. हे काम फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आता शहर. नेग्रोस बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरची ही नेग्रोस ओरिएंताल प्रांताची राजधानी, २०२० च्या जनगणनेनुसार वस्ती १,३४,१०३. मोठी विद्यापीठं चार: सिलिमन, फाउंडेशन, सेंट पॉल आणि नॉर्सू (सरकारी नेग्रोस ओरिएंताल स्टेट युनिव्हर्सिटी). त्यामुळे गावात पोरापोरींचीच गर्दी असते. सिलिमन १९०१ साली अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनऱ्यांनी काढलं. तुमच्या विषयासाठी मात्र महत्त्वाचं नाव सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. आंजेल आल्काला यांचं. १९७४ मध्ये सुमिलोन बेटाभोवती मासेमारीला बंद असलेलं राखीव क्षेत्र करण्यात आणि पुढे आपो बेटावर तेच गावकऱ्यांच्या हाती देण्यात त्यांचा आणि सिलिमनचा मोठा वाटा आहे. एका बाजूला मासे वाढू दिले की दुसऱ्या बाजूच्या जाळ्यात ते येतात, हे मच्छीमारांना पटवून दाखवलं गेलं ते इथे. कोकणच्या किनाऱ्यावर काम करायची इच्छा असेल तर हे शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. मालातापाय या किनाऱ्यावरच्या गावाहून होडीने आपोला जाता येतं. बुधवारी जा, त्या दिवशी मालातापायला गुरांचा आणि मासळीचा मोठा बाजार असतो.

भाषा बिसाया, म्हणजे सेबुआनो. घरी बसून मनिलाकडची तागालोग शिकलात तर लोक समजून घेतील, पण बोलतील बिसायाच. इंग्रजी सगळीकडे चालते. रस्त्यावरची मोटारची तीनचाकी म्हणजे इथे ‘पेडिकॅब’. बसण्याआधी ठिकाण सांगायचं. चालक मान हलवून निघून गेला तर राग मानू नका, तो त्याचा रस्ता नाही एवढंच. चढण्याआधीच भाव विचारलात तर त्याला वाटतं सगळी गाडी हवी आहे, त्याला ‘पाक्याव’ म्हणतात, आणि पैसे त्या मानाने लागतात. उतरताना म्हणायचं, ‘लुगार लांग’, म्हणजे इथे थांबवा.

खोली बघताना सिलिमनची सागरी प्रयोगशाळा शहरातल्याच बांतायन भागाच्या किनाऱ्याला आहे हे लक्षात ठेवा. बांतायन, पियापी, दारो हे भाग चालत किंवा सायकलने जमण्यासारखे आहेत. एक महिन्याचं आगाऊ भाडं आणि दोन महिन्यांची अनामत असा साधारण रिवाज आहे. ऑगस्टच्या तोंडावर बऱ्या खोल्या संपतात, म्हणून दोन-तीन आठवडे आधी पोचा आणि फोटो बघून पैसे पाठवू नका. बानिका नदीच्या काठची स्वस्त खोली घेऊ नका. आपल्याकडे गणपती-दसऱ्यानंतर पावसाची चिंता मिटते. इथे वादळांचा वाईट महिना डिसेंबर. २०११ चं सेंदोंग आणि २०२१ चं ओदेत, दोन्ही डिसेंबरच्या मध्यात आली. सेंदोंगमध्ये नदीने शहराचा मोठा भाग बुडवला, ओदेतनंतर वीज कितीतरी दिवस नव्हती. भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ दिसते का ते पाहा, आणि घरमालकापेक्षा शेजारच्या ‘सारी-सारी’त, म्हणजे गल्लीतल्या किराणा दुकानात, विचारा. खरं उत्तर तिथे मिळतं.

वीज २२० व्होल्ट, पण ६० हर्ट्झ, आणि प्लग अमेरिकन पद्धतीचे दोन चपट्या पट्ट्यांचे. आपला मिक्सर चालतो. स्वस्त अडॅप्टर मात्र जड यंत्राला सैल बसतो, गरम होतो आणि वितळतो. हार्डवेअरच्या दुकानातून चपटा प्लग घेऊन वायरलाच लावून घ्या. पंखा वगैरे न्यायच्या फंदात पडू नका, तिथेच घ्या. नळाचं पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर धरतो. प्यायला लोक भरण्याच्या दुकानातून पाच गॅलनचा कॅन आणतात.

जेवण हा तुमचा सगळ्यात अवघड भाग. ‘मांस नाही’ म्हटलं तर मासा वाढतात, ‘मासा नाही’ म्हटलं तर भाजीत सुकी कोळंबी असते. मुगाच्या आमटीतसुद्धा डुकराचं मांस टाकतात. ‘वालाय कार्ने, वालाय इस्दा, वालाय हिपोन’ अशी तिन्ही नावं घ्या. तरी खानावळीवर विसंबू नका, स्वयंपाक करा. बाजारात शेवग्याचा पाला (कामुंगाय) मुबलक मिळतो, शिवाय वांगी, कारली, भेंडी, भोपळा, मूग, नारळ, टोफू. नेग्रोस उसाचं बेट, तिथली मुस्कोवादो ही कच्ची तपकिरी साखर गुळाच्या जागी छान चालते. तूरडाळ आणि कणीक सहज मिळत नाही, ती सेबूहून किंवा ऑनलाइन मागवावी लागते. सकाळी लवकर बाजारातल्या ‘पाइनितान’मध्ये, म्हणजे न्याहारीच्या टपऱ्यांवर, पुतो माया खा. नारळाच्या दुधातला आल्याचा चिकट भात, वर पिकलेला आंबा, सोबत सिक्वाते हे कोकोचं पेय. शाकाहारी माणसाला निर्धास्त खाता येईल असं तिथलं हे खरं जेवण.

धाकट्या भावाच्या मेडिकलबद्दलही विचारलंत. सिलिमनला मेडिकल स्कूल आहे. पण फिलिपिन्समध्ये आधी बीएस, म्हणजे विज्ञानाची पदवी, आणि मग चार वर्षांची एमडी, म्हणजे तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी, असा क्रम असतो. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांत किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि त्याच देशात व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता मागितली आहे. बीएसची वर्षं आयोग त्यात धरत नाही. एजंट ती धरून दाखवतो. नियम स्वतः वाचल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

सामानात प्रेशर कुकर आणि त्याच्या दोन जादा रबरी रिंगा, तवा, पोळपाट, मसाले. हिंग विसरू नका.