अर्धशिशी, मोबाइलवरील ध्यान आणि गोळ्यांचा हिशेब

ताई, चार वर्षांपासून अर्धशिशी आहे, महिन्यातील सोळा-सतरा दिवस डोके ठणकते, भाच्याने मोबाइलवर ध्यानाचे अ‍ॅप टाकून दिले पण डोके उठले की त्याचा आवाजही सहन होत नाही आणि पडद्याचा उजेडही, असे तुम्ही लिहिले आहे. ध्यान जमले तर गोळ्या बंद करता येतील का, हेही विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते, अकरा वर्षे हे दुखणे सोसते आहे आणि तीन वर्षांपासून मोबाइलच्या आधाराने हा सराव करते, म्हणून सविस्तर लिहिते.

हा सराव डोके शांत असलेल्या दिवशी करायचा असतो. ठणका सुरू झाल्यावर नवीन काही शिकण्याइतके त्राण कोणातच उरत नाही. पहाटे झाडलोट सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे पुरतात. आपल्याकडे तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक ध्यानामुळे पहाटे शांत बसणे कोणाला नवीन नाही. इथे फरक इतकाच, की दुखणे विसरायचे नसून ते कुठे आहे, किती आहे, वाढते आहे की ओसरते आहे, एवढेच पाहायचे असते.

बहुतेक अ‍ॅपमधला आवाज इंग्रजी किंवा हिंदी असतो, आणि गावात नेटचा भरवसा नाही. म्हणून मी मुलीला मोबाइलच्या रेकॉर्डरमध्ये नऊ मिनिटांचे मराठी बोलणे भरून द्यायला सांगितले. ‘श्वास नाकाशी कळतो का बघ. जबडा सैल सोड. खांदे खाली येऊ दे. मन वावरात गेले असेल तर हळूच परत आण.’ मध्येच मागच्या कडुनिंबावरचा भारद्वाज घुमतो, तेही त्यात आले आहे, आणि आता तो आवाज ऐकला की माझे खांदे आपोआप उतरतात. फोन पालथा घालून उशीखाली ठेवावा आणि आवाज अगदी कमी करावा, म्हणजे उजेडाचा प्रश्न राहत नाही. कानात एअरफोन घालून पडून राहिले की माझी कानशिले अधिक दुखतात, म्हणून मी ते वापरत नाही.

मागच्या वेचणीच्या वेळी दुपारी धुऱ्यावरून परतताना डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू झाला. उन्हात पाणी कमी पडले होते आणि जेवणही टळले होते. माजघरात अंधार करून पडल्यावर लक्षात आले, की दात घट्ट आवळलेले आहेत, खांदे कानांपर्यंत चढले आहेत आणि मनात एकच घोकणे चालू आहे: उद्यासाठी बाया सांगितल्या आहेत, आता रात्रभर उलट्या होणार, सगळे वाया जाणार. डॉक्टरांनी दिलेली गोळी मी वेळेवर घेतली होती. मुलीच्या आवाजाबरोबर जबडा सुटला, घोकणे थोडे मागे सरले. ठणका संध्याकाळपर्यंत राहिलाच, परंतु पूर्वी त्याच भीतीपोटी मी दुसरी आणि तिसरी गोळी घेत असे, ती त्या दिवशी घेतली नाही. या सरावाने मला जे मिळाले ते हेच आहे, आणि माझ्या दृष्टीने ते मोठे आहे.

संशोधनही साधारण याच दिशेने बोलते. अमेरिकेत ८९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठ आठवड्यांच्या ध्यान-प्रशिक्षणाची तुलना अर्धशिशीविषयीच्या माहितीवर्गाशी केली होती. दुखण्याचे दिवस दोन्ही गटांत सारखेच कमी झाले, मात्र ध्यान शिकलेल्यांचे रोजचे व्यवहार कमी अडले आणि दुखण्याची धास्तीही घटली. इटलीतील मिलान येथे १७७ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र दुखण्याच्या दिवसांतही फरक दिसला. वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक सोडवून प्रतिबंधक औषधे (दुखणे उठूच नये म्हणून घ्यायची) दिलेल्यांपैकी ज्यांना ध्यानाची जोड मिळाली, त्यांच्यात वर्षभरानंतर शंभरातील सुमारे ७८ जणांचे दुखण्याचे दिवस निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटले. ज्यांना ही जोड नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ४८ होते. यात औषधे चालू होती, हे विसरू नका.

म्हणून रोजची प्रतिबंधक गोळी स्वतःहून बंद करू नये. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या ही वेगळी बाब आहे: साधी गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस आणि मिश्र घटकांची गोळी दहा किंवा अधिक दिवस अशी महिनोन्महिने घेतली, तर गोळीमुळेच डोके दुखू लागते. तुमचे सोळा-सतरा दिवस पाहता मला ही शंका सर्वांत आधी येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ई-संजीवनीवर, म्हणजे मोबाइलवरून डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेवर, डॉक्टरांना हे नेमके सांगा आणि गोळ्या कशा कमी करायच्या, ते त्यांनाच ठरवू द्या. सुरुवातीचे काही दिवस दुखणे वाढते, तेव्हा हा सराव फार उपयोगी पडतो. आणि एकाएकी, पूर्वी कधीच झाले नव्हते इतके तीव्र दुखले, ताप येऊन मान आखडली, हातपाय लुळे पडले किंवा बोलणे अडखळले, तर ध्यान-गोळी काही न करता थेट रुग्णालय गाठा.

उद्यापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखण्याच्या दिवशी गोल आणि गोळी घेतलेल्या दिवशी फुली करा. महिना झाल्यावर दोन्हींचे आकडे मला कळवा, आणि डॉक्टरांकडे जाताना ते पानच सोबत न्या.