एका नावासाठी अख्खा कागद का घालवता?

प्रश्न : घरी बांधलेल्या फिशिंग रॉडवर नाव टाकायला वॉटरस्लाइड डिकल पेपरचा (पाण्यात भिजवला की छापलेला पातळ थर सुटतो आणि वस्तूवर सरकवून चिकटवता येतो, त्या कागदाचा) आख्खा ए-४ कागद इंकजेटमध्ये घातला. नाव दोन बोटांचं, आणि कापून उरलेला तुकडा प्रिंटर ओढेना. हे वाया जाणं कसं थांबवायचं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आधी माप घ्या. ब्लँकचा, म्हणजे रॉडच्या मूळ कोऱ्या काठीचा, व्यास जिथे १२ मिमी आहे तिथे घेर साधारण ३८ मिमी भरतो. समोरून त्याचा एक तृतीयांश भागच नीट वाचता येतो, म्हणून डिकलची उंची १२ मिमीच्या वर नेऊ नका. लांबी ७५ मिमी पुरे. ब्लँक टोकाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे घेरभर गुंडाळलेली सरळ पट्टी तिरपी पळते.

आता छपाई. मजकूर आधी साध्या ए-४ कागदावर छापा. कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने बाण काढून ठेवा, म्हणजे दुसऱ्यांदा घालताना बाजू चुकणार नाही. छापलेल्या नावाच्या चारही बाजूंना १० मिमी जास्त येईल एवढा डिकल पेपरचा तुकडा कापा, नाव झाकेल असा ठेवा आणि जी कड प्रिंटरमध्ये आधी जाते ती पातळ कागदी टेपने पूर्ण रुंदीभर चिकटवा. टेप नखाने घासून बसवा. तो उचकटला की तुकडा आत अडकलाच म्हणून समजा. मग तोच कागद त्याच दिशेने पुन्हा घाला. एका नावाच्या दोन प्रती काढा. दुसरी चैन नाही, पहिली लावताना फाटते.

ही युक्ती फक्त इंकजेटसाठी. लेझरच्या गरम रोलरखाली टेपचा गोंद वितळतो.

प्रश्न : मग बर्डीतल्या झेरॉक्सच्या दुकानात लेझरवर छापून घेतलं तर?
– धरमपेठ

उत्तर : चालेल, पण कागद लेझरचाच हवा. इंकजेटच्या डिकल पेपरचा लेप उष्णतेने मऊ होऊन रोलरला चिकटतो आणि दुकानदाराशी भांडण होतं ते वेगळंच. लेझरमधून तोच कागद दोनदा काढू नका, तेव्हा पहिल्याच फेरीत तो भरा. चारही कडांना ५ मिमी आणि दोन नावांमध्ये ३ मिमी सोडून १२ × ७५ मिमीची नावं आडवी मांडली, तर दोन रांगांत १९–१९ बसतात. शेजारी ४४ मिमीची पट्टी उरते, तिच्यात उभी आणखी ९. एकूण ४७. एवढे रॉड बांधायचे नसतील तर मित्रांची नावं गोळा करा.

एक अडचण मात्र दोन्हीकडे आहे : साध्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही. काळ्या कार्बन ब्लँकवर पारदर्शक कागदावरचं लाल नाव दिसतच नाही. त्याला पांढरा डिकल पेपर घ्या, किंवा आधी ब्लँकवर फिक्या रंगाचा पट्टा मारा. दुसरा उपाय जास्त चांगला. पांढऱ्या कागदाची कापलेली कड शेवटपर्यंत डोळ्यांत खुपते.

प्रश्न : डिकलखाली पांढुरके डाग येतात, आणि एकदा तर एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून लावायचा पारदर्शक लेप) ओतल्यावर अक्षरंच पसरली.
– गोरेवाडा

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी. अक्षरं पसरली कारण इंकजेटची शाई बंद केली नव्हती. छापल्यावर तासभर वाळवा, मग क्लिअर ॲक्रिलिक स्प्रेचे तीन हलके हात द्या. पहिला हात नुसता धुक्यासारखा. तोच जाड बसला तर स्प्रेच शाई विरघळवतो.

पांढुरके डाग म्हणजे खाली अडकलेली हवा. खरखरीत ब्लँकवर ती हमखास राहते, म्हणून आधी तिथे एपॉक्सीचा पातळ, चकचकीत थर देऊन पूर्ण वाळू द्या. डिकल कोमट पाण्यात २०–३० सेकंद बुडवा, बाहेर काढून मिनिटभर थांबा आणि ओढू नका, ओल्या ब्लँकवर सरकवा. जास्त वेळ बुडवलं तर खालचा गोंदच धुऊन जातो. मधून कडांकडे ओल्या ब्रशने पाणी काढा. तरी फुगा राहिला तर सुईने टोचा.

त्यानंतर २४ तास थांबा. पावसाळ्यात ४८, कारण राहिलेली ओल एपॉक्सीखाली दुधाळ दिसते. एपॉक्सीची रेझिन आणि हार्डनर वेगवेगळ्या सिरिंजने मोजा. रॉडसाठीची बहुतेक एपॉक्सी (रॉड फिनिश) १:१ असतात, तरी बाटली वाचा. दोन्ही ३–३ मिलीपेक्षा कमी घेऊ नका, नाहीतर थेंबभर चुकीनेही चिकट राहतं. आपल्या मे महिन्यात मिश्रण हातातच घट्ट होऊ लागतं, तेव्हा ते काम पहाटे उरका आणि ढवळलेलं लगेच ॲल्युमिनियम फॉइलवर पसरा. कपात साचलेलं लवकर तापतं.

उरलेला डिकल पेपर सिलिका जेलच्या पुडीसह झिप पिशवीत, वजनाखाली सपाट ठेवा. वाकलेला तुकडा प्रिंटर घेत नाही.