दरड हटवत नाहीत हो!

कळव्याहून एक ताई विचारतात : मुलीच्या भूगोलात ‘विदारण’ आणि ‘झीज’ असे दोन शब्द आलेत. दोन्हींत खडकच मोडतो, मग फरक काय?

खडक जागच्या जागी फुटतो, कुजतो, भुसभुशीत होतो ते विदारण. पाणी, वारा, लाटा त्याला घासत, खरवडत घेऊन जातात ती झीज. संस्कृत ‘क्षीयते’, प्राकृत ‘झिज्जइ’, मराठी ‘झिजणे’. तिथे वाद नाही.

खरी गोडी विदारणात आहे. धातू ‘दॄ’, म्हणजे फाडणे, चिरणे. नरसिंहाने हिरण्यकशिपूचे पोट विदारले ते हेच. डोंगर चिरत गेला की दरी. बातम्यांतले ‘हृदयविदारक’ही त्याच घरचे. आणि माझ्या मते दरडसुद्धा! संस्कृतात कड्याला ‘दरद्’ म्हणतात, आणखी काय हवे? दगडांच्या धडधड आवाजावरून दरड आली, असे काही मंडळी ठासून सांगतात. साफ चूक. नदीच्या उभ्या काठालाही आपण दरड म्हणतो. तो वर्षभर मुकाट उभा असतो, तो कुठला आवाज करतो?

म्हणूनच दर पावसाळ्यात ‘मुंब्रा बायपासवरची दरड हटवली’ ऐकले की माझे डोके फिरते. दरड म्हणजे उभी कड. ती कोसळते, ढासळते, खचते. रस्त्यावर येतात ते धोंडे, माती, चिखल, आणि हटवतात तो ढिगारा. सरकारी ‘दरडप्रवण’ तर मला मुळीच मान्य नाही. दरड तिथे आहेच, प्रश्न ती कोसळण्याचा आहे. जुलै २०२१ मध्ये तळियेत आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीत माणसे गाडली गेली ती दरड कोसळून. इतक्या गंभीर गोष्टीला शब्द तरी नेमका वापरा.

ताई, मुलीला पारसिकच्या डोंगराकडे न्या. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा काळा कातळ. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे गोल धोंडे दिसतील, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. वरचा पापुद्रा बोटांत चुरडला तर पिवळट मुरूम होतो. हे विदारण. तोच मुरूम पावसाच्या पाण्याबरोबर खाडीकडे निघाला की झीज. फक्त दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात त्या दरडीखाली क्षणभरही थांबायचे नाही.