डिझेलऐवजी बायोडिझेल वापरलं तर गाडीचं मायलेज कमी होतं का?

हो, शुद्ध बायोडिझेलवर (वनस्पती तेल किंवा वापरलेल्या तळणीच्या तेलावर प्रक्रिया करून बनवलेल्या इंधनावर) मायलेज थोडं घसरतं, कारण त्याच्या रेणूंत ऑक्सिजन असल्याने लिटरमागे ऊर्जा खनिज डिझेलपेक्षा साधारण 8 टक्के कमी मिळते. डिझेलमध्ये 5 टक्केच बायोडिझेल मिसळलं तर मात्र फरक जाणवतच नाही. धूर कमी, गंधक जवळजवळ नाही, वंगणही चांगलं, त्यामुळे मला ते मनापासून पटतं. जपायचं ते जुन्या गाडीत: बायोडिझेल टाकीतला साचलेला गाळ सोडवतं, तो फिल्टरमध्ये अडकतो आणि जुने रबरी पाइप फुगू शकतात. म्हणून गाडीच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तेवढंच मिश्रण घाला. आणि तळणीचं तेल नुसतं गाळून टाकीत ओतू नका. मिथेनॉलशी प्रक्रिया करून त्यातलं ग्लिसरीन वेगळं काढावंच लागतं, नाहीतर इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर चोक होतात.